सतरावा ग्रुप

ऑफिसातल्या एका मॅडमच्या तक्रारीच्या तिकिटात एकच ओळ होती: ‘नव्या प्रोजेक्टचा फोल्डर उघडत नाही, परमिशन डिनाइड येतंय.’ नॅसवरच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक फाइल-सर्व्हरवरच्या, अशा तक्रारीत मी आधी ग्रुप बघतो. त्या प्रोजेक्टचा ग्रुप आदल्याच दिवशी एलडॅपमध्ये (यूजर आणि ग्रुपच्या मध्यवर्ती यादीत) तयार केला होता आणि मॅडमचं नाव त्यात होतं. लिनक्समध्ये ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी ठरते, चालू सेशनला नवा ग्रुप कळत नाही. म्हणून त्यांना लॉगआउट करून परत यायला सांगितलं. तरी तेच. यूजरचे ग्रुप दाखवणारी ‘आयडी’ कमांड चालवली, तर नवा ग्रुप यादीत हजर. फोल्डरवर त्या ग्रुपला वाचण्या-लिहिण्याची परवानगीही होती.

खरा पेच पुढे होता. मॅडमनी त्याच यूजरनेमने विंडोज लॅपटॉपवरून तोच फोल्डर उघडला आणि फाइल सेव्ह करून दाखवली. टीममधल्या इतरांचं लिनक्सवरूनही बिनबोभाट चाललं होतं.

मॅनेजर म्हणाले, “तूर्त 777 करून टाक, संध्याकाळी डिलिव्हरी आहे.” मी ठाम नाही म्हटलं. सगळ्यांना सगळं उघडं करणं म्हणजे प्रश्न सोडवणं नव्हे, आणि ‘तूर्त’ दिलेलं 777 नंतर कुणी काढत नाही, हे मी पुष्कळ ठिकाणी बघितलंय. तोवर मॅडम विंडोजवरून काम करतील, मला थोडा वेळ द्या, असं सांगितलं.

मग त्यांच्या मशीनवरून नॅसकडे जाणारी पॅकेट पकडली आणि वायरशार्क या पॅकेट वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडली. एनएफएसच्या (लिनक्सवरून नेटवर्कवरच्या फाइल वापरण्याच्या पद्धतीच्या) प्रत्येक विनंतीसोबत क्लायंट, म्हणजे यूजरचं मशीन, ओळखपत्र पाठवतो: मशीनचं नाव, यूजरचा क्रमांक, मुख्य ग्रुप आणि त्याखाली इतर ग्रुपचे क्रमांक. ते मोजले. बरोबर 16. नव्या ग्रुपचा क्रमांक त्यात नव्हता, आणि ‘आयडी’ने दाखवलेली यादी त्याहून लांब होती.

ही मर्यादा ओळख सांगण्याच्या ऑथ-सिस या पद्धतीतच आहे. 2009 सालच्या आरएफसी 5531 या मानकातही इतर ग्रुपसाठी जागा 16 चीच. त्यापुढचे ग्रुप लिनक्स क्लायंट गुपचूप गाळतो. ना एरर, ना लॉगमध्ये नोंद. कर्नल (लिनक्सचा गाभा) ग्रुप क्रमांकाने लावून ठेवतो, त्यामुळे सर्वांत मोठा क्रमांक, म्हणजे आमच्याकडे सर्वांत नवा ग्रुप, आधी गळतो. मॅडम जुन्या, कितीतरी प्रोजेक्टांत असलेल्या, म्हणून फटका त्यांनाच बसला. विंडोजवरून एसएमबीने (विंडोजच्या फाइल-शेअरिंग पद्धतीने) आलं की यूजरची ओळख नॅस स्वतः पटवतो आणि ग्रुपही स्वतःच शोधतो, तिथे क्लायंटच्या यादीला किंमत नसते.

आमचा नॅस आतून लिनक्सच. माउंटडी या एनएफएसच्या सेवेला ‘मॅनेज-जीआयडीज’ हा पर्याय दिला, की सर्व्हर क्लायंटची यादी बाजूला ठेवून एलडॅपला विचारतो. पण नॅसला एखादा यूजर सापडलाच नाही, तर मुख्य सोडून त्याचे सगळे ग्रुप जातात. म्हणून आधी नॅसवरच एकेका यूजरचं ‘आयडी’ तपासलं, मग सेवा रीस्टार्ट केली. मॅडमचा फोल्डर उघडला.

थोड्या वेळाने एका डेव्हलपरचा फोन: “सर, बिलिंगचा फोल्डर अचानक बंद झालाय.” एलडॅपच्या बिलिंग ग्रुपमध्ये त्याचं नाव कधीच नव्हतं. त्याच्याकडे स्वतःच्या मशीनचं सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) होतं. एका स्क्रिप्टला त्या फाइल लागत, म्हणून त्याने बिलिंग ग्रुपच्याच क्रमांकाचा ग्रुप आपल्या मशीनवर तयार करून त्यात स्वतःला घातलं होतं. नॅस आजवर क्लायंट सांगेल ते खरं मानत होता. डेव्हलपरच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याने सगळं स्वतःहून सांगितलं. मी बिलिंगच्या प्रमुखांना विचारलं. त्यांनी एकाच सबफोल्डरला फक्त वाचायची परवानगी दिली, ती एलडॅपमधून रीतसर लावली.

तरीही भोक पूर्ण बुजलं नव्हतं. इतर ग्रुप आता सर्व्हर ठरवतो, पण यूजरचा क्रमांक आणि मुख्य ग्रुप अजून क्लायंटच सांगतो, आणि सुडो असलेला माणूस दुसऱ्याचा क्रमांक लावून सहज येऊ शकतो. बिलिंगचं एक्स्पोर्ट (नॅसने नेटवर्कवर खुला केलेला फोल्डर) केर्बेरोसवर, म्हणजे यूजरची ओळख पटवूनच आत घेणाऱ्या पद्धतीवर, नेण्याची चेंज रिक्वेस्ट घरी जाण्याआधीच टाकली, आणि ते होईपर्यंत सुडो असलेली सगळी मशीन त्या एक्स्पोर्टच्या यादीतून काढली.