तुम्ही विचारलंत म्हणून

मी इतिहास शिकवते. त्यामुळे वर्गात, लग्नाच्या पंगतीत, अगदी भाजी घेतानाही हा प्रश्न ठरलेला: "बाई, अमेरिकेतली गुलामगिरी १८६५ साली संपली. मग तिथले काळे लोक अजून मागं का?"

मी घरापासून सुरुवात करते. गुलाम सुटले ते रिकाम्या हातांनी. काहींना चाळीस एकरांपर्यंत जमीन द्यायला घेतली होती, तीही त्याच वर्षी अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी जुन्या मालकांना परत केली. पुढं १९३०च्या दशकात सरकारी यंत्रणेनं शहरांचे नकाशे केले, त्यात काळ्यांच्या वस्त्या लाल रंगवल्या. लाल म्हणजे इथं कर्ज देणं धोक्याचं. कर्ज नाही म्हणून घर नाही, घर नाही म्हणून पोरांच्या नावावर ठेवायला काही नाही. तिथं शाळेचा बराचसा पैसा घरपट्टीतून येतो; वस्ती गरीब, तर शाळाही गरीब. घर देताना भेद करायला कायद्यानं बंदी आली १९६८ला. तोवर कित्येकांचं आयुष्य भाड्याच्या खोलीत सरलं होतं.

खोलीवरून आठवलं. एका विद्यार्थिनीसाठी आम्ही दोघी कोल्हापुरात राजारामपुरीत जागा बघायला गेलो. मालकिणीनं पाणी दिलं, किल्ली पोरीच्या हातात ठेवली आणि मग आडनाव विचारलं. ऐकल्यावर म्हणाली, "अगंबाई, भाचा यायचाय, विसरलेच की." किल्ली परत घेतली. जिना उतरेपर्यंत पोरगी एक शब्द बोलली नाही. मी तिथंच भांडायला हवं होतं.

उपाय विचारता, तर नुसत्या बंदीनं भागत नाही, हे शाहू महाराजांनी ओळखलं होतं. २६ जुलै १९०२ला त्यांनी संस्थानात रिकाम्या होणाऱ्या नोकऱ्यांपैकी निम्म्या मागासलेल्यांसाठी राखल्या. पण नोकरीला शिकलेला माणूस हवा, आणि खेड्यातनं शिकायला आलेल्या पोराला पाठ टेकायला जागा हवी. म्हणून बोर्डिंगं, त्यातलं मिस क्लार्क बोर्डिंग १९०८ला अस्पृश्य मुलांसाठी निघालं. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला लावलं आणि महाराज स्वतः तिथला चहा प्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. अमेरिकेतही हेच लागेल: पहिल्या घराला हातभार, आणि शाळेचा पैसा वस्तीच्या ऐपतीवर न सोडणं.

त्या पोरीला पुढं वसतिगृहात जागा मिळाली. तोवर पाच महिने ती गारगोटीहून पहाटेच्या एसटीनं यायची, आणि पहिल्या तासाला वर्गात असायची.