टेनकडे ते वाक्य होतं

रात्रीचे पावणेदोन. झोप येत नाही म्हणून लिहितेय.

डीप स्पेस नाइन ही अंतराळातली मालिका बघताना धाकटीने विचारलं, "ताई, कुणासाठी रडतेस गं?" मी म्हटलं, "गॅरॅकसाठी." तिला ते पटलं. खांद्याला खांदा टेकवून ती पुन्हा पडद्याकडे बघायला लागली. मी खोटं बोलले होते. मी एनाब्रन टेनसाठी रडत होते. तिला ते सांगायची मला लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही.

टेनसाठी कोण रडतं?

ऑब्सिडियन ऑर्डरचा तो प्रमुख. कार्डेशियन, म्हणजे मालिकेतली एक परग्रहवासी जमात, त्या सगळ्यांवर नजर ठेवणारी ती गुप्तहेर संघटना, आणि तिच्या प्रमुखांपैकी निवृत्त होईपर्यंत जिवंत राहिलेला हा एकटाच. त्यासाठी किती जणांचे मुडदे पाडले असतील त्याची गणती नाही. 1995 च्या त्या दोन भागांत तर स्वतःच्याच जुन्या माणसांना तो एकाच दिवशी संपवतो, कारण त्यांना फार माहिती आहे. टेनचा हद्दपार झालेला जुना हेर गॅरॅकही त्या यादीत असतो. आणि पुढे समोरासमोर आल्यावर टेन त्याचं असं स्वागत करतो, जणू मधे काही घडलंच नाही. अंतराळस्थानकाचा सुरक्षाप्रमुख ओडो, त्याचा छळ करायला लावून गॅरॅकची निष्ठा तपासून घेतो. मिलाचा विषय निघतो तेव्हा तिच्याबद्दलही त्याच थंड आवाजात बोलतो. आयुष्यभर त्याचं घर सांभाळलेली ती बाई. गॅरॅकचा चेहरा तिथे जो बदलतो...

मिलाबद्दल मला लिहायचं आहे. आज नको.

तर असा माणूस. हे सगळं मला पाठ आहे. डीप स्पेस नाइन मी तिसऱ्यांदा पाहतेय, धाकटी पहिल्यांदा. मागच्या दोन्ही वेळी टेन मेला तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं. मग आजच काय झालं?

प्रसंग तोच, 1997 मधला. डोमिनियन या शत्रूसत्तेची तुरुंगछावणी. टेनचं हृदय थकलंय, डोळ्यांना दिसेनासं झालंय. गॅरॅकबरोबर आणखी कुणी आहे का, असं तो विचारतो. स्थानकावरचा डॉक्टर बशीर तिथेच आहे, पण गॅरॅक सांगतो, आपण दोघंच आहोत. गॅरॅकच्या हजार खोट्यांमध्ये मला हे सगळ्यात मायेचं वाटत आलंय. मग टेन शत्रूंची चौकशी करतो. कोण कोण मेलं? एकेकाचं नाव घेऊन खात्री करून घेतो. मरताना माणूस नातवंडांची नावं घेतो तशी. आणि शेवटी मागणं मागतो: इथून निसट, जग, डोमिनियनवर सूड घे. गॅरॅक म्हणतो, मागा, पण वरिष्ठ म्हणून नको, बाप म्हणून मागा.

टेन म्हणतो, तू माझा मुलगा नाहीस. तुझ्या आईला तुझ्या जन्माआधीच मारायला हवं होतं. तू म्हणजे मला न परवडणारा कमकुवतपणा.

धाकटीने इथे उशी घट्ट धरली. मी पुढचं येणार म्हणून वाट बघत होते.

गॅरॅक चिडत नाही. हे त्याने अनेकदा ऐकलंय. एवढा क्षण मला तुमचा मुलगा होऊ द्या, इतकंच तो मागतो. मग टेनला तो गावाकडचा दिवस आठवतो. पाच वर्षांचंही न झालेलं पोर, त्या मोठ्या कुत्र्यासारख्या जनावराच्या पाठीवर बसायला शिकणारं. डझनभर वेळा पडलं असशील, पण हरला नाहीस. गॅरॅकला लंगडत घरी आल्याचं आठवतं, आणि बापाने हात धरल्याचं. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला होता, टेन म्हणतो. आणि जातो.

मागच्या दोन्ही वेळी मला हा बर्फ वितळल्याचा क्षण वाटला होता. दुष्ट माणूस शेवटी विरघळला, पोराला हवं ते मिळालं. आज मात्र ते "डझनभर वेळा" कानात अडकलं. म्हणजे त्याने मोजलं होतं. त्या दिवशी तो पोराकडे बघत होता, प्रत्येक पडण्याकडे बघत होता, आणि ते सगळं त्याने जपून ठेवलं होतं. हेरगिरीत मुरलेला माणूस, तो काहीच विसरत नाही. साऱ्या जगाची गुपितं ज्या डोक्यात होती त्याच डोक्यात, त्याच कुलपाआड हाही एक दिवस होता. आठवायला त्याला क्षणभरही लागला नाही.

त्याच्याकडे ते वाक्य होतं. सगळी वर्षं होतं. गॅरॅकला हद्दपार केलं तेव्हा होतं. 1994 च्या भागात बशीर त्याला भेटायला जातो, गॅरॅकचा जीव वाचवायची माहिती मागतो, आणि टेन ती देतो, का तर गॅरॅकने त्याचा द्वेष करणाऱ्यांमध्ये कुढत लांबलचक आयुष्य काढावं म्हणून. तेव्हाही होतं. छळ सहन व्हावा म्हणून गॅरॅकच्या मेंदूत टेनने बसवून दिलेलं ते यंत्र, जे तो पुढे रोजचं जगणंच सोसवेना म्हणून दोन वर्षं अखंड चालू ठेवतो. एवढं यंत्र बसवण्यापेक्षा एक वाक्य बोलला असता तर.

आणि थोडक्यात, अगदी थोडक्यात, न बोलताच गेला असता. याचं मला रडू आलं. क्रूर माणसाकडे माया नसते हे मानून चालणं सोपं आहे. असते आणि तो ती वापरत नाही, हे मला सहन होत नाहीये.

बाबांचं "ठीक". दहावीचा निकाल, ठीक. नोकरी, ठीक. त्या वर्षी एवढं सगळं झालं, मी एकटीने निभावलं, तेव्हाही "ठीक आहे सगळं?" प्रश्न होता की शाबासकी, मला अजून कळलेलं नाही. बाबा टेन नाहीत. त्यांनी कुणाचं कधी वाईट केलं नाही. त्यांचं नाव या पानावर आलं म्हणूनच मला अपराधी वाटतंय. पण आज रात्री असं वाटलं की सगळ्या जगात मलाच कुणी काही सांगितलं नाही. असं वाटून घेण्यात अर्धा तास गेला.

मग ते आठवलं. बारा वर्षांपूर्वी, दार अर्धं लोटलेलं, बाबा फोनवर कुणाशी तरी बोलत होते: "ती करेल. तिला सांगावं लागत नाही." मी पाय न वाजवता तिथून परत फिरले. त्यांना माहीतही नाही. बारा वर्षं मी ते वाक्य काढून काढून बघतेय, पाठमोरं ऐकलेलं, चोरून मिळवलेलं. गॅरॅकलाही आधी अट घालावी लागली, मग विनवावं लागलं, तेव्हा कुठे मिळालं. मला नुसतं दाराआड उभं राहून मिळालं.

हे लिहिल्यावर जरा शांत वाटतंय. पुरेल ते. सोळाव्या वर्षी नसतं पुरलं.

टेनचं काम करणारे पॉल डूली आणि गॅरॅक झालेले अँड्र्यू रॉबिन्सन. डूलींनी त्याआधी विनोदी आणि प्रेमळ बापांची कामं केली होती. म्हणूनच असेल कदाचित, टेन कुणाला मारायचं ठरवतो तेव्हाही आजोबांसारखा हसतो. मोठा आवाज नाही, दातओठ खाणं नाही. भीती वाटते ती या हसण्याची. आणि शेवटी त्या गावाकडच्या दिवसाबद्दल बोलताना आवाज तोच राहतो, फक्त मागचा हिशोब गळून पडतो.

उद्या धाकटीला खरं सांगणार आहे, कुणासाठी रडले ते. ती भांडेल. भांडू दे.

उद्याचा भाग तिला माहीत नाही. सुटकेचा एकच मार्ग उरलाय, भिंतीच्या आतली ती अरुंद फट, जिथे टेनने कित्येक महिने सरपटत जाऊन जुन्या यंत्रणेतून संदेश पाठवायचं साधन तयार केलं होतं. गॅरॅकला बंद जागेची भीती आहे. श्वास कोंडतो, हात थरथरतात, एकदा तर तो आतून भिंत बडवत ओरडत सुटतो. तरी पुन्हा आत जातो. तिथे दुसरं कुणी नाही, फक्त अंधार आणि टेनने जोडून ठेवलेल्या तारा.