ठेवी भरपूर, तरी देवस्थान तुटीत

आमच्या देवस्थानाच्या जुन्या खजिनदारांनी वयोमानामुळे जबाबदारी सोडली आणि मंडळाने ती माझ्या गळ्यात घातली. "काही विशेष नाही हो, ठेवी आहेत, सह्या तेवढ्या करायच्या," असं अध्यक्ष म्हणाले. ठेवी खरंच होत्या. तरी पुजारी, रखवालदार आणि झाडलोट करणाऱ्या बायकांच्या पगाराला दर महिनाअखेर ओढाताण व्हायची.

जुने हिशेब काढून बसलो. सार्वजनिक न्यासाचा म्हणजे ट्रस्टचा ताळेबंद सरकारी नियमांतल्या अनुसूची आठमध्ये असतो, उत्पन्न-खर्च पत्रक नऊमध्ये. खर्च उत्पन्नापेक्षा जास्त झाला की ती तूट ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला जाऊन बसते. दोन्ही बाजूंच्या बेरजा जुळतात, वार्षिक सभेत हिशेब एकमताने मंजूर होतात. मार्च २०२० मध्ये मंदिरं बंद झाली ती त्या वर्षीच्या दिवाळी पाडव्याला उघडली, पुढच्या एप्रिलमध्ये पुन्हा बंद, मग ऑक्टोबर २०२१ मध्ये घटस्थापनेला उघडली. तेवढ्या काळात दानपेटी जवळजवळ रिकामी आणि पगार-वीजबिल चालूच. सगळे विश्वस्त तूट कोरोनाच्या नावावर टाकून मोकळे झाले होते. पण ती त्याच्या आधीपासूनची होती, आणि मंदिर उघडल्यावरही थांबली नव्हती.

मग हा खर्च भागत कशातून होता? याचं उत्तर पावती पुस्तकांत सापडलं. आमचे कारकून आणि मी एकेक पावती पाहून रकमा वेगळ्या केल्या: जीर्णोद्धार, अन्नदान, कायम निधी (मुद्दल तसंच ठेवून फक्त व्याज वापरायचं असा), आणि कुठलंही कारण न लिहिलेली साधी देणगी. हे काम सगळ्यात कंटाळवाणं, पण खरं काय ते इथेच कळलं. लोक शिखरासाठी हौसेने देतात, अन्नदानाला देतात. रखवालदाराच्या पगारासाठी पावती फाडणारा भाविक मी अजून पाहिलेला नाही. ठेवींतला बहुतेक पैसा अशा ठरावीक कारणांसाठी आलेला, आणि रोजचा खर्च त्यातूनच 'तात्पुरता' उचललेला.

बैठकीत हे मांडल्यावर तासभर गरमागरमी झाली. एकाने सुचवलं, कायम निधीची ठेव मोडा. आमचे सीए म्हणाले, त्यातून केलेला खर्च आयकरात धर्मादाय खर्च म्हणून धरला जात नाही. रक्कम पाच वर्षांच्या आत पुन्हा भरली तरच काही सवलत. शिवाय २०२१च्या वित्त कायद्यापासून मागच्या वर्षांची तूट पुढच्या उत्पन्नातून वळती करण्याची सोयही गेली. दुसरे म्हणाले, कर्ज काढू. त्यालाही न्यासांवर देखरेख करणाऱ्या धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. जमीन विकायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली तीच अट, आणि जमीन एकदा गेली की गेली.

त्यामुळे अंदाजपत्रकाकडे वळलो. त्याच कायद्याच्या कलम ३१-अ प्रमाणे ते हिशेबी वर्ष सुरू होण्याच्या महिनाभर आधी आयुक्तांना द्यावं लागतं, म्हणजे फेब्रुवारी संपायच्या आत. आजवर मागच्या वर्षीचे आकडे थोडे वाढवून ते पाठवलं जायचं. मी जमेच्या बाजूला फक्त मुक्तपणे वापरता येणारा पैसा धरला. तूट एकदम मोठी दिसली. अध्यक्षांना ती कागदावर नको होती. "आयुक्त कार्यालय काय म्हणेल?" मी म्हटलं, लेखापरीक्षक तर दरवर्षी लिहितच आहेत, फक्त आपण वाचत नाही.

बरीच रदबदली झाल्यावर काही गोष्टी ठरल्या. पावतीवर 'नित्य खर्च' असा रकाना आला. पडून असलेलं सभागृह तीन वर्षांच्या आतल्या कराराने भाड्याने दिलं, कारण बिगरशेती मिळकत त्याहून जास्त मुदतीने द्यायची तर पुन्हा मंजुरी आली. निधीनिहाय बँक खाती वेगळी केली. उत्सवाच्या रोषणाईला मात्र कुणी हात लावू देईना! ती निम्मी करण्याचा माझा ठराव मतदानात पडला.

पहिल्या वर्षी तूट कमी झाली, संपली नाही. जीर्णोद्धार निधीतून उचललेली रक्कम टप्प्याटप्प्याने परत भरायचा ठराव झाला आहे आणि पहिला हप्ता गेला. रोषणाईचा ठराव येत्या जानेवारीच्या बैठकीत मी पुन्हा ठेवणार आहे.