हिरे सापडण्यापूर्वीचा बोत्स्वाना

बडोद्याहून सुरत अडीच तासांवर असल्यामुळे हिऱ्याच्या धंद्यातला कुणी ना कुणी ओळखीचा इथल्या प्रत्येक घराला असतोच. त्याला कच्चा माल कुठून येतो असे विचारले, तर जी चार-पाच नावे कानावर पडतात त्यांत बोत्स्वानाचे नाव हटकून असते. त्यापलीकडे या देशाविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. आफ्रिकेतला एक गरीब देश हिऱ्यांमुळे सावरला, एवढ्या एका वाक्यात त्याची बोळवण होते. गेल्या काही महिन्यांत या देशाबद्दल जे वाचले, त्यावरून ते वाक्य मला अपुरे वाटू लागले आहे. हिरे त्याच सुमारास आफ्रिकेत इतरत्रही निघत होते आणि तिथे यादवी माजत होती. बोत्स्वानाला सावरले ते हिऱ्यांची मालकी कुणाची, हा प्रश्न वेळेवर सोडवल्यामुळे. आणि तो प्रश्न किती अवघड होता, हे संस्थानी राज्यकारभाराचा इतिहास घरात ऐकलेल्या बडोदेकराला चटकन उमजावे.

आधी देश कसा आहे ते पाहू. क्षेत्रफळ सुमारे ५ लाख ८२ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे गुजरातच्या जवळजवळ तिप्पट. लोकसंख्या मात्र २४ लाखांच्या आसपास. दक्षिण आफ्रिका, नामिबिया, झिंबाब्वे आणि झांबिया यांच्या मधोमध असलेल्या या भूवेष्टित देशाचा सुमारे ७० टक्के भाग कालाहारीच्या वाळूखाली आहे. लोकवस्ती प्रामुख्याने पूर्वेच्या पट्ट्यात आहे आणि राजधानी गाबोरोनेही तिथेच आहे. झांबियाशी असलेली सीमा तर इतकी आखूड, साधारण दीडशे मीटरची, की झांबेझी नदीवर २०२१ मध्ये वाहतुकीसाठी खुला झालेला काझुंगुला पूल झिंबाब्वेची हद्द टाळण्यासाठी चक्क वळवून बांधावा लागला.

वायव्येला ओकावांगो नदी आहे आणि तिची रीत विलक्षण आहे. अंगोलाच्या डोंगराळ भागात डिसेंबर ते मार्च या काळात पडलेला पाऊस नामिबियाची चिंचोळी पट्टी ओलांडून अत्यंत संथपणे खाली येतो आणि बोत्स्वानाच्या सपाट वाळूत पसरतो तो थेट जून ते ऑगस्टमध्ये, म्हणजे स्थानिक कोरड्या ऋतूच्या ऐन मध्यावर. भोवतालचे पाणवठे आटलेले असताना इथे पूर येतो. हत्ती, म्हशी, हरणे यांचे कळप त्याच वेळी इकडे वळतात, आणि नदी समुद्राला न मिळता बाष्प होऊन व वाळूत मुरून संपते. हा त्रिभुज प्रदेश २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नोंदले गेलेले हजारावे ठिकाण ठरला. विश्वामित्रीचा पूर आणि त्याबरोबर रस्त्यावर येणाऱ्या मगरी पाहिलेल्या माणसाला पुराची इतकी आतुरतेने वाट पाहणारा प्रदेश असू शकतो, हे पचवायला थोडा वेळ लागतो. देशात सुमारे १ लाख ३० हजार हत्ती आहेत. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही देशात इतके नाहीत, आणि उत्तरेकडच्या चोबे परिसरातल्या शेतकऱ्याला त्यांचे कौतुक पर्यटकाइतके नसते.

आता इतिहासाकडे. ब्रिटिशांनी १८८५ मध्ये या भूभागाला बेचुआनालँड हा संरक्षित प्रदेश म्हणून जाहीर केले. दहा वर्षांनी तो सेसिल ऱ्होड्स या ब्रिटिश उद्योगपतीच्या कंपनीच्या हवाली करण्याचा घाट घातला गेला, तेव्हा तिसरे खामा, सेबेले आणि बाथोएन हे तीन टोळीप्रमुख लंडनला गेले, वसाहतमंत्री जोसेफ चेंबरलेन यांना भेटले आणि तिथल्या चर्चमंडळींत फिरून त्यांनी लोकमत आपल्या बाजूला वळवले. त्याच वर्षाच्या अखेरीस ऱ्होड्सच्या माणसांनी शेजारच्या ट्रान्सवाल राज्यावर केलेली चढाई पुरती फसल्यामुळे कंपनीची पत घसरली आणि बहुतांश प्रदेश तिच्या हातून निसटला. कंपनीला लोहमार्गासाठी पूर्वेची एक पट्टी तेवढी मिळाली, आणि आजची मोठी गावे बरीचशी त्याच मार्गाच्या आसपास आहेत. पुढे सत्तर वर्षे ब्रिटिशांनी इथे खर्च असा केलाच नाही. कारभाराचे मुख्य ठिकाणसुद्धा प्रदेशाच्या बाहेर, दक्षिण आफ्रिकेतल्या माफेकिंग या गावी होते.

बडोद्याच्या वाचकाने रेंगाळावे असे प्रकरण यानंतरचे आहे. बामांग्वाटो टोळीचा वारस सेरेत्से खामा कायदा शिकायला इंग्लंडला गेला आणि १९४८ मध्ये त्याने रुथ विल्यम्स या इंग्रज तरुणीशी लग्न केले. कारभार सांभाळणारे काका चेकेडी खवळले, पण सेरोवे गावच्या जाहीर सभेत टोळीने १९४९ मध्ये सेरेत्सेलाच कौल दिला. शेजारच्या दक्षिण आफ्रिकेत नेमके त्याच वर्षी मिश्र विवाहांवर बंदी घालणारा कायदा झाला होता, आणि तिथले सोने व युरेनियम ब्रिटनला हवे होते. ब्रिटिशांनी चौकशी नेमली. चौकशीने सेरेत्से राज्य करण्यास लायक असल्याचे मान्य करूनही शेजाऱ्यांच्या रोषाचे कारण पुढे केले. तो अहवाल दडपण्यात आला आणि १९५० मध्ये सेरेत्सेला देशाबाहेर ठेवण्यात आले. आपल्याकडे १८७५ मध्ये मल्हारराव गायकवाडांवर रेसिडेंटला विष घातल्याचा आरोप ठेवून कमिशन बसवले गेले, त्यातल्या तिन्ही हिंदी सभासदांनी आरोप सिद्ध झाल्याचे मानले नाही, तरी गैरकारभाराच्या सबबीवर महाराजांना पदच्युत करून मद्रासला पाठवले गेले. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असे माझे म्हणणे नाही, आणि त्यांच्या जागी आलेल्या सयाजीरावांनी बडोद्याचे सोने केले हे तर उघडच आहे. मात्र चौकशी बसवायची आणि निकाल आधीच ठरलेला असायचा, ही साम्राज्याची पद्धत पाऊणशे वर्षांत तिळमात्र बदलली नव्हती.

सेरेत्से १९५६ मध्ये टोळीप्रमुखपदावरचा हक्क सोडून सामान्य नागरिक म्हणून परतला. १९६२ मध्ये त्याने बोत्स्वाना डेमोक्रॅटिक पक्ष काढला, १९६५ ची निवडणूक जिंकली, आणि ३० सप्टेंबर १९६६ रोजी स्वतंत्र झालेल्या देशाचा तो पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. देशात तेव्हा डांबरी रस्ता होता अवघा १२ किलोमीटर. कित्येक वर्षांच्या दुष्काळाने गुरे मेली होती, आणि गुरे हीच इथली संपत्ती, कारण लोबात्सेच्या कत्तलखान्यातून होणाऱ्या गोमांसाच्या निर्यातीखेरीज देशाला उत्पन्नच नव्हते. सरकारचा रोजचा खर्चही ब्रिटिश अनुदानातून भागत होता.

जमिनीखालची खनिजे परंपरेने त्या त्या टोळीची मानली जात. पक्षाने १९६५ च्या जाहीरनाम्यातच ती राष्ट्राची करण्याचे आश्वासन दिले होते आणि १९६७ मध्ये तसा कायदा झाला. त्याच वर्षी ओरापा येथे हिरे सापडले, तेही बामांग्वाटोंच्या, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या स्वतःच्या टोळीच्या मुलखात. आपल्या वतनावरचा हक्क आधीच देशाच्या नावे करून बसलेला राज्यकर्ता इतिहासात फार थोड्या वेळा भेटतो, आणि इतर टोळ्यांनी या व्यवस्थेवर भरवसा ठेवला तो त्यामुळेच. हिऱ्यांच्या धंद्यातल्या डी बीअर्स कंपनीबरोबरच्या खाण उद्योगात सरकारचा वाटा १९६९ मध्ये १५ टक्के होता, तो १९७५ मध्ये ५० टक्क्यांवर गेला. वाळवीने खोलवरून वर आणलेल्या खनिजकणांच्या मागावरून ज्वानेंगचा साठा हाती लागला आणि १९८२ मध्ये तिथे सुरू झालेली खाण निघणाऱ्या मालाच्या किमतीत जगात अव्वल ठरली. पैसा रस्ते, शाळा, दवाखाने यांत गेला आणि उरलेल्याचा राखीव निधी झाला. विद्यापीठाच्या उभारणीसाठी १९७६ मध्ये लोकांना माणशी एक जनावर द्या असे आवाहन करण्यात आले, तेव्हा गुरांबरोबर धान्य, कोंबड्या आणि रोख पैसेही जमा झाले. आमचे विद्यापीठ महाराजांच्या पुण्याईने उभे राहिले, त्यांचे गुराख्यांच्या देणगीने. मला दुसऱ्याचा किंचित हेवा वाटतो.

सगळेच उजळ आहे असे नाही. नव्वदच्या दशकात एचआयव्हीने देश पोखरला होता. राष्ट्राध्यक्ष फेस्टस मोगाए यांच्या सरकारने २००२ पासून विषाणूरोधक औषधे मोफत दिली म्हणून तो तगला. उत्पन्नातली विषमता जगातल्या सर्वांत तीव्र विषमतांपैकी आहे. सर्वांत लाजिरवाणी गोष्ट बासार्वांची, म्हणजे कालाहारीतल्या मूळ शिकारी समाजाची. १९९७ आणि २००२ मध्ये त्यांना मध्य कालाहारी अभयारण्यातून हलवण्यात आले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवले, तरी विंधन विहिरीचे पाणी वापरण्याच्या हक्कासाठी त्यांना २०११ पर्यंत भांडावे लागले. खनिजे सर्वांची म्हणणाऱ्या देशाने या लोकांना सर्वांत धरले होते का, ही शंका इथे येतेच.

आणि आता पाया असलेला धंदाच डळमळतो आहे. निर्यातीचा सुमारे ८० टक्के भाग हिऱ्यांचा, आणि जगाची मागणी प्रयोगशाळेत बनवलेल्या स्वस्त हिऱ्यांकडे वळलेली. असे हिरे मोठ्या प्रमाणावर बनतात ते सुरतेतच. घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर, बोत्स्वानाचा माल घासणारे शहर त्याच्या प्रतिस्पर्ध्याचेही कारखाने चालवते. २०२४ मध्ये बोत्स्वानाची अर्थव्यवस्था आक्रसली, ऑक्टोबरच्या निवडणुकीत ५८ वर्षे सत्तेवर असलेला पक्ष हरला, मावळत्या अध्यक्षांनी पराभव विनातक्रार मान्य केला आणि ड्युमा बोको राष्ट्राध्यक्ष झाले. त्याच वर्षी लेत्सिले तेबोगोने पॅरिसमध्ये २०० मीटर धावण्यात देशाला पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवून दिले, एवढाच काय तो आनंद. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारी दवाखान्यांत औषधे संपल्यामुळे सार्वजनिक आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली.

डी बीअर्सची मूळ मालक कंपनी ती विकायला निघाली आहे आणि बोको सरकारला खुद्द डी बीअर्समधला आपला १५ टक्के हिस्सा (खाण उद्योगातला ५० टक्के वाटा वेगळा) वाढवून तिचा ताबा हवा आहे. मला हा बेत धोक्याचा वाटतो. १९६७ च्या कायद्याने सरकारने जे घेतले ते आपल्याच जमिनीखालचे होते आणि त्यासाठी कर्ज काढावे लागले नव्हते. इथे मात्र घसरत्या बाजारातली, दुसऱ्या देशांत खाणी आणि दुकाने असलेली कंपनी विकत घ्यायची आहे, तीही तिजोरीत औषधांपुरते पैसे नसताना.