तुम्ही विचारलंत म्हणून: आंबोलीत आमच्या आवारात दिवे का नाहीत

"एवढं भाडं घेता, मग आवारात साधे दिवे का लावत नाही?" पावसाळाभर हा प्रश्न जेवणाच्या टेबलावर येतोच. वीजबिल वाचवतो असं समजून काही जण हसतातही. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतो.

आधी व्यवहाराचं. आंबोली साधारण ७०० मीटर उंचीवर. जुलैत ढग अंगणातच उतरलेला असतो. त्यात खांबावर पांढरा फोकस लावला की उजेड धुक्यावर आपटून डोळ्यांवर परत येतो आणि पायाखालची पायरीसुद्धा दिसेनाशी होते. वर त्या दिव्यावर किडे जमतात, किड्यांसाठी बेडूक आणि बेडकांसाठी साप. मलबारी चापडा हा विषारी साप वाटेकडेच्या खालच्या फांदीवर तासन्‌तास न हलता दबा धरून बसतो. सुरक्षेसाठी मागितलेला दिवा त्याचं जेवण वाटेवर आणून ठेवतो.

पण खरं कारण मागच्या टाकीचं आहे. टाकीवर झुकलेल्या फांद्यांवर मलबारी उडता बेडूक फेसाचं घरटं करतो. मादी मागच्या पायांनी द्राव घुसळून फेस काढते, त्यात अंडी घालते, आजूबाजूची पानं त्याला चिकटतात. बाहेरचा थर सुकतो, आत ओल राहते. साधारण आठवड्याभरात फेस विरघळतो आणि टॅडपोल, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, खाली टपकतात. सगळा हिशेब एकाच गोष्टीवर: घरट्याच्या बरोबर खाली पाणी हवं.

एका पावसाळ्यात फोटो काढणाऱ्या एका गटानं टाकीवर हॅलोजन लावला. घरटं पानांआड होतं, म्हणून फांदी बाजूला ओढून सुतळीनं खांबाला बांधली. फोटो उत्तम आले असतील. सुतळी मात्र कोणी सोडली नाही. घरटं पाण्यावरून हातभर सरकून टाकीच्या काठाच्या फरशीवर आलं, आणि दिवस भरल्यावर टॅडपोल फरशीवर पडले. पाऊस नेमका उघडला होता. मुंग्या आधी पोचल्या. त्या माणसांना बेडकांची आवड होती, हेच जास्त लागतं. अंधारात ती फांदी दिसली नसती, तर तिला हात लागला नसता.

एक दिवा आणि एक सुतळी यांत फरक आहे, हे कळतं मला. दिवा असूनही कोणी फांदी ओढली नसती, असंही होऊ शकलं असतं. तरी त्यानंतर टाकीकडे वायर गेलेली नाही.

वाटेवर 'एकही दिवा नको' असं मी पूर्वी ठासून सांगायचो. आता वाटेला गुडघ्याइतक्या उंचीचे, वरून झाकलेले, २२०० केल्व्हिन रंगछटेचे पिवळे दिवे आहेत. उजेड फक्त जमिनीवर पडतो. पांढऱ्यापेक्षा त्यावर किडे बरेच कमी येतात, येतच नाहीत असं नाही. सेन्सर लावून पाहिले, तर वाऱ्यानं फांद्या हलल्या की रात्रभर उघडझाप. म्हणून साधं बटण, आणि साडेदहाला बंद. मे अखेर ते जून मध्यापर्यंत, काजव्यांच्या दिवसांत, तेही लावत नाही. नराची चमक मादीला दिसली तरच ती उत्तर देते. गुडघेदुखीच्या माणसाला हे सांगताना जीभ अडखळते. त्याचं म्हणणं खोटं नाही, आणि माझ्याकडे त्यावर पूर्ण उत्तर नाही.

अंगणातली डबकी का बुजवत नाही, हाही त्याच्याच पाठचा प्रश्न. २००९ साली शास्त्रानं नोंदवलेला आंबोली टोड, बेडकाचीच एक जात, पहिल्या पावसात जांभ्यावरच्या अशाच उथळ पाण्यात अंडी घालतो. बुजवणार नाही. ओलांडून जा.

येताना प्रत्येकी एक बॅटरी आणा, झोत पायाजवळ ठेवा. घोट्यावर बंद होणारे बूट घाला आणि पायमोज्यांना मीठ किंवा तंबाखूचं पाणी लावा. पावसात ते धुतलं जातं, दर फेरीला पुन्हा लावावं लागतं. जळू चिकटलीच तर ओढू नका, नखानं तोंडाकडून सरकवा. रक्त थोडा वेळ वाहील, कापूस दाबून धरा. बरोबर वयस्कर कोणी असेल तर बुकिंग करतानाच सांगा. जेवणघराला लागून एक खोली आहे, तिथे रात्री वाटेवर उतरावंच लागत नाही.