उगाच त्रास देतेय का, सिस्टर?

लेबर रूममधला फोन वाजला तेव्हा मी कळा देत असलेल्या एका बाईच्या बाळाचे ठोके मोजत होते. पूर्ण मिनिट मोजून झालं, मगच फोनकडे गेले. कळा सुरू झाल्यावर निदान दर अर्ध्या तासाने आणि पिशवीचं तोंड पूर्ण उघडल्यावर दर पाच मिनिटांनी ठोके ऐकायचेच. जगभरात दरवर्षी सुमारे १९ लाख बाळं २८ आठवड्यांनंतर मृत जन्मतात. त्यांतली ४० टक्क्यांहून जास्त कळा सुरू झाल्यावर दगावतात. त्यातली कितीतरी वेळेवर लक्ष दिलं तर वाचली असती.

पलीकडून दबका आवाज आला. "सिस्टर, उगाच त्रास देतेय का? बाळ हलतंय, पण नेहमीसारखं नाही."

पहिलटकरीण, वय ३८, छत्तिसावा आठवडा. आठवड्यापूर्वी याच तक्रारीसाठी येऊन गेली होती. तेव्हा एनएसटीची, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढणाऱ्या तपासणीची, पट्टी चांगली आली होती. आता संध्याकाळपासून तिला शंका येत होती, पण गेल्या वेळी सगळं नॉर्मल निघालं म्हणून परत यायची लाज वाटत होती. घरातल्यांनी समजूत घातली होती की शेवटी शेवटी जागा उरत नाही, बाळ कमीच हलतं. गोड खाऊन झालं, गार पाणी पिऊन झालं.

"आत्ता निघा," मी म्हटलं. "सकाळची वाट बघू नका."

शेवटच्या दिवसांत बाळ कमी हलतं, ही समजूत मला फार छळते. हालचालीची तऱ्हा बदलते. लाथांऐवजी वळणं, सरकणं जास्त जाणवतं. पण हालचाल मंदावत नाही. वार, म्हणजे आईकडून बाळाला प्राणवायू आणि पोषण पोचवणारा अवयव, नीट काम करेनाशी झाली की बाळ मिळेल तेवढा प्राणवायू मेंदूला आणि हृदयाला राखून ठेवतं आणि हातपाय हलवणं कमी करतं. अमुक इतक्या वेळा हललं म्हणजे ठीक, असा सगळ्यांना लागू पडणारा आकडा नसतो. आपल्या बाळाची नेहमीची पद्धत बदलली, हे आईलाच आधी कळतं. आणि अशी तक्रार घेऊन ती दुसऱ्यांदा आली तर मी पहिल्या वेळेपेक्षा जास्त धास्तावते, कारण चांगली पट्टी फक्त त्या अर्ध्या तासाबद्दल सांगते, पुढच्या आठवड्याबद्दल नाही.

ती आली. बीपी ठीक होतं. अंगावर जातंय का, पाणी गेलंय का, डोकं दुखतंय का, ताप आला होता का, तळहात-तळपायांना खाज सुटते का, सगळं विचारलं. खाजेचं मुद्दाम विचारते. यकृतातलं पित्त साचून रक्तात वाढलं तर अशी खाज सुटते. ते फार वाढलं तर बाळ अचानक दगावू शकतं, आणि अंगावर पुरळही दिसत नाही. सगळ्याला तिचं उत्तर 'नाही' होतं. साखर नॉर्मल, तंबाखू-सिगारेट नाही. वय सोडलं तर धोक्याचं म्हणावं असं कागदावर काही नव्हतं. हे बरेचदा असंच असतं.

मग टेपने पोट मोजलं. छत्तिसाव्या आठवड्यात साधारण ३६ सेंटिमीटर, दोनेक कमी-जास्त, भरायला हवं. भरलं ३२. पट्टीवर ठोके १४० च्या आसपास होते, पण रेघ जवळजवळ सपाट, एकदाही वर उसळली नाही. चाळीस मिनिटं झाली तरी तेच. मी डॉक्टर मॅडमना उठवलं.

सोनोग्राफीत वजन जेमतेम १८०० ग्रॅम दिसलं, पाणी कमी होतं. डॉपलरमध्ये, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या तपासणीत, दोन ठोक्यांच्या मधे नाळेतून वारेकडे जाणारं रक्त थांबत होतं.

"आठ-दहा दिवस थांबलो तर वजन वाढेल ना?" नवऱ्याने विचारलं.

"आत आता वाढ होत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "बाहेर होईल."

सिझर झालं. मुलगी, १७६० ग्रॅम. बारीकशी रडली आणि थेट काचेच्या पेटीत गेली.

वार लहान होती, जागोजागी पांढुरकी आणि घट्ट. मी ती तपासणीला पाठवायला फॉर्मेलिनमध्ये ठेवली. मृत बाळ जन्मल्यावरही वार न बघता टाकून दिलेली मी पाहिली आहे, आणि त्याची मला चीड येते. वार, बाळाची तपासणी, आईचं रक्त यांतून कारण सापडू शकतं. एकदा असं झालेल्या बाईला पुढच्या वेळी धोका अनेक पटींनी जास्त असतो. 'नशिबात नव्हतं' एवढ्यावर तिला घरी पाठवलं तर ती पुढच्या गरोदरपणात काय सांभाळणार?

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा म्हणाली, "मी आलेच नसते हो. तुम्ही रागवाल असं वाटलं होतं." आता हालचाल कमी वाटते म्हणून आलेल्या प्रत्येकीला घरी पाठवताना मी स्वतःहून सांगते की पुन्हा वाटलं तर पुन्हा या, कुणी रागावणार नाही, आणि दुसऱ्यांदा आलात तर सोनोग्राफीही करू.

वारेच्या रिपोर्टमध्ये रक्तपुरवठा तुटून सुकलेले बरेच भाग आढळले. मॅडमनी तिच्या फाइलवर पुढच्या वेळेसाठी लिहून ठेवलं: बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन, २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवर, बाळाच्या वाढीची सोनोग्राफी ठरावीक अंतराने, आणि हालचाल बदलली तर रात्र असो वा दिवस, लगेच.