अर्जुन इतका चांगला, तर आर्मीने एवढेच का घेतले?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहून राहिलो, नाहीतर हा माझा विषय नाही. मी नागपुरात एका इंजिनीअरिंग कॉलेजात सिव्हिलच्या पोरांना पूल शिकवतो. तरी दर वर्षी कोणीतरी विचारतंच, पानठेल्यावर विचारतात, सोसायटीतले काका विचारतात, की सर, अर्जुन टँक रशियाच्या टी-९० पेक्षा चांगला आहे म्हणतात, आपलाच आहे, मग आर्मीने एवढेच का घेतले? टी-९० हजाराच्या वर आणि अर्जुन एमके-१, म्हणजे अर्जुनचा पहिला प्रकार, फक्त १२४, म्हणजे दोन रेजिमेंट.

पुलाच्या मास्तरला टँकचं विचारण्याचं कारण आहे. ब्रिज डिझाइनच्या सुरुवातीलाच आयआरसीचं (इंडियन रोड्स काँग्रेस, रस्ते-पुलांचे नियम ठरवणारी संस्था) लोडिंग येतं, म्हणजे पुलावर किती वजन धरायचं ते, आणि त्यात क्लास ७०आर म्हणून एक गाडी आहे, तिचा एक प्रकार चाकांचा आणि एक पट्ट्यांचा. पट्ट्यांची म्हणजे सरळ सरळ रणगाडाच, वजन ७० टन, जमिनीला टेकलेला पट्टा ४.५७ मीटर लांब आणि ८४ सेंटिमीटर रुंद. देशात हायवेवरचा पूल डिझाइन करताना कागदावर ही गाडी त्याच्यावरून चालवून बघावी लागते. मी फळ्यावर ती काढली की मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणतंच, सर हा अर्जुन आहे का, आणि मग तो तास गेला.

(रस्त्यांच्या बाबतीत नागपूरचं नाव तसंही मोठं आहे हो, १९४३ साली देशभरातले चीफ इंजिनीअर इथे जमले आणि वीस वर्षांचा रस्त्यांचा प्लॅन केला, त्याला आजही नागपूर प्लॅनच म्हणतात. पण ते असो.)

तर उत्तर. माझ्या मते अर्जुनचा सगळा गुंता एका आकड्यात आहे, वजन. तोफ, चिलखत, इंजिन हे सगळं शेवटी तिथेच येऊन थांबतं.

आर्मीने १९७२ मध्ये विजयंतानंतरच्या टँकची गरज कागदावर मांडली आणि १९७४ मध्ये सरकारने साडेपंधरा कोटी मंजूर केले. तेव्हा डोक्यात होता तो साधारण ४० टनांचा टँक, १०५ मिलिमीटरची तोफ, कारण विजयंताही ३९-४० टनांचाच होता, मूळ ब्रिटिश विकर्स कंपनीचा, चेन्नईजवळच्या आवडी गावात बनायचा. काम मिळालं आवडीच्याच सीव्हीआरडीईला, म्हणजे डीआरडीओ या सरकारच्या संरक्षण संशोधन संस्थेच्या टँकवाल्या प्रयोगशाळेला. पण टँक बनवायला वेळ लागतो आणि तोवर शेजारी बसून राहत नाही, त्यामुळे गरज बदलत गेली, पहिले १९८० मध्ये मग १९८५ मध्ये, १०५ ची तोफ १२० झाली, चिलखत वाढलं, चिलखत वाढलं म्हणून वजन वाढलं, वजन वाढलं म्हणून इंजिन मोठं पाहिजे, इंजिन मोठं म्हणून मागचा भाग मोठा, आणि तो भाग झाकायला पुन्हा चिलखत. हे चक्र एकदा सुरू झालं की थांबवायला कोणीतरी नाही म्हणणारा माणूस लागतो, तो तिथे नव्हता. शेवटी एमके-१ निघाला साडेअठ्ठावन्न टनांचा.

आता टी-७२ किंवा टी-९० हलका कसा, तर त्यात माणसं तीन. लोडर नाही, तोफेत गोळा मशीन भरते. अर्जुनमध्ये चार माणसं, कमांडर, गनर, लोडर, ड्रायव्हर. लोडर म्हणजे उभा राहून जड गोळा उचलणारा माणूस, त्याला हात हलवायला जागा पाहिजे, म्हणजे टरेट, वरचा तोफेचा फिरता घुमट, मोठं, आणि मोठ्या टरेटला चारी बाजूंनी जाड चिलखत लावायचं म्हणजे टनांवर टन. रशियनांनी तो माणूसच काढला आणि टँक ४६ टनांत बसवला. याची किंमत त्यांनी दुसरीकडे दिली, मशीनचे २२ गोळे माणसांच्या पायाखाली गोल चकरीत असतात, चिलखत फोडून आत काही शिरलं की ते पेटतात आणि टरेट उडून जातं. २०२२ पासून युक्रेनचे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. अर्जुनमध्ये गोळे वेगळ्या डब्यांत आहेत आणि स्फोट झालाच तर दाब बाहेर निघून जावा अशी सोय आहे. आतल्या चार पोरांचा विचार केला तर मला अर्जुनच बरा वाटतो, हे स्पष्ट सांगतो.

चिलखताचं नाव कांचन, हैदराबादच्या कांचनबागेतल्या डीआरडीओच्या धातूंच्या प्रयोगशाळेने, डीएमआरएलने बनवलं म्हणून. तोफ मात्र आपल्या पुण्याची, डीआरडीओच्याच शस्त्रांच्या प्रयोगशाळेची, एआरडीईची. आणि या तोफेत एक गोष्ट आहे जी कोणी विचारत नाही पण विचारायला पाहिजे.

ही तोफ रायफल्ड आहे, म्हणजे नळीत आतून आटे, गोळा फिरत बाहेर पडतो. जगातले बहुतेक नवे टँक गुळगुळीत नळीवर गेले कारण चिलखत भेदणारा जो लांब बाणासारखा राउंड असतो त्याला फिरणं नको असतं, तो मागच्या पंखांवर सरळ जातो, आटे असले तर त्याला सरकणारी कडी लावून फिरणं कमी करावं लागतं. मग आपण आटे का ठेवले? हेश म्हणून एक गोळा आहे, आपल्या आर्मीला तो सेंच्युरियन-विजयंता या जुन्या टँकांपासून आवडतो, त्याला फिरणं लागतं. तो चिलखत भेदतच नाही, आतली मऊ बारूद भिंतीला गोवरी थापल्यासारखी चिकटते आणि मग फुटते, धक्क्याने चिलखताच्या आतल्या बाजूचे तुकडे उडतात. बंकर, भिंती, घरं यांच्यावर तर फारच चांगला. पण याचा अर्थ असा झाला की अर्जुनला नाटोचा १२० चा राउंड चालत नाही आणि रशियाचा १२५ चा पण चालत नाही. अर्जुनचा गोळा अर्जुनलाच, तोही आपणच बनवायचा, आणि तो कितींसाठी तर १२४ टँकसाठी. एवढ्याशा संख्येला कारखान्याची लाइन परवडत नाही, लाइन नाही म्हणून गोळे कमी, गोळे कमी म्हणून आर्मी नाराज. मध्यंतरी बरेचसे अर्जुन सुट्या भागांअभावी उभे आहेत अशाही बातम्या आल्या होत्या, त्याची जातकुळी हीच. कमी घेतले म्हणून महाग आणि अडचणीचे, अडचणीचे म्हणून पुन्हा कमी.

आता माझ्या विषयावर येतो. लोक म्हणतात ५८ टनांचा टँक राजस्थानच्या वाळूत रुतेल. नाही रुतत. रुंद पट्ट्यामुळे जमिनीवर दाब चौरस सेंटिमीटरला साधारण ०.८५ किलो येतो, टी-९० चा पण जवळपास तेवढाच आहे. उलट अर्जुनचं सस्पेन्शन हायड्रोन्युमॅटिक, म्हणजे तेल आणि गॅसच्या दाबावरचं, खडबडीत जमिनीवर तो मस्त तरंगत जातो. पण पुलाला दाब किती हा प्रश्नच नसतो, त्याला एकूण वजन कळतं. पंजाबात कालवे किती, आणि त्यांच्यावरचे जुने पूल कोणत्या जमान्यातले, ते काय ७०आर धरून बांधलेले नाहीत. टी-७२ सत्तरच्या दशकाच्या शेवटी आला आणि पुढची चाळीसेक वर्षं आर्मीचे ट्रेलर, ओढून नेणाऱ्या गाड्या, वर्कशॉप, नकाशावर आखलेले रस्ते सगळं ४०-४५ टनांच्या हिशोबाने बसत गेलं. त्यात साडेअठ्ठावन्न टनांचा आला की तो एकटा येत नाही, त्याच्यासाठी बाकीचं सगळं बदलावं लागतं. ज्याच्यावर ते बदलायची जबाबदारी आहे त्या जनरलला टँक किती चांगला आहे हे तुम्ही कितीही पटवा, तो आधी पूल मोजणार.

रेल्वेचंही तेच. आवडीहून राजस्थान-पंजाबकडे जायचं तर बल्लारशा-नागपूर-इटारसी हा मोठा रस्ता. ताडपत्री टाकलेली मिलिटरी स्पेशल इथल्या लोकांना नवीन नाही. अर्जुन साधारण ३.८५ मीटर रुंद आहे, वॅगनच्या बाहेर दोन्हीकडे येतो, रेल्वेवाले याला ओडीसी म्हणतात, म्हणजे ठरलेल्या मापाबाहेरचा माल, मग शेजारच्या लाइनवरच्या गाडीचं बघा, सिग्नलच्या खांबाचं बघा, प्लॅटफॉर्मचं बघा. त्याच्यासाठी वॅगनही वेगळे करावे लागले. (आणि कामठीकडे जो तुम्हाला टँक दिसला तो बहुतेक टँक नसतो, तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं सेंटर आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्री, म्हणजे चिलखती गाड्यांतून लढणारं पायदळ, त्यांची गाडी बीएमपी. पट्टे दिसले म्हणजे टँकच असं नसतं बाप्पा. अंबाझरीच्या फॅक्टरीतही टँक होत नाही, तिथे शेल आणि पिनाकाचे रॉकेट वगैरे.)

मग टी-९० इतके का आले? कारण पाकिस्तानने युक्रेनकडून टी-८०यूडी घ्यायचं ठरवलं, ३२० टँक, १९९६ ची गोष्ट. इकडे अर्जुन अजून चाचण्यांतच. थांबायला वेळ नव्हता म्हणून फेब्रुवारी २००१ मध्ये ३१० टी-९० चा करार झाला. एकदा करार झाला, आवडीला लाइन लागली, क्रू ट्रेन झाले, की पुढचा ऑर्डर त्यालाच जातो, हे सरळ आहे. तो काही अगदी निर्दोष नव्हता, सुरुवातीला त्याचे थर्मल कॅमेरे राजस्थानच्या उन्हात त्रास देत होते. मे महिन्यात नागपुरात राहिलेल्या माणसाला ४५ डिग्रीत लोखंडाच्या डब्यात काय होत असेल हे वेगळं सांगायला नको. पण अर्जुनचेही जर्मन गिअरबॉक्स २००७-०८ च्या चाचण्यांत बंद पडलेच. मार्च २०१० मध्ये दोघांना राजस्थानात समोरासमोर उतरवलं, निकाल अधिकृतपणे छापला नाही, पण अर्जुन तोडीस तोड किंवा वरचढ ठरला असंच सगळीकडे आलं. तोवर टी-९० घरचा झाला होता.

चूक कोणाची म्हणाल तर मी आर्मीला थोडा जास्त दोष देईन, गरज इतक्यांदा बदलायची आणि उशीर झाला की बोट दाखवायचं हे बरोबर नाही. पण डीआरडीओनेही प्रत्येक वेळी हो म्हटलं. १५०० हॉर्सपॉवरचं इंजिन स्वतः बनवू म्हणाले, झालं नाही, मग जर्मनीचं एमटीयूचं १४०० चं आणून बसवलं. ते आजही नडून राहिलंय. एमके-१ए हा पुढचा, ७२ सुधारणा केलेला, १४ फेब्रुवारी २०२१ ला चेन्नईत पंतप्रधानांनी तो आर्मी चीफ नरवणे साहेबांच्या हाती दिला, सप्टेंबरमध्ये ११८ टँकचा ७,५२३ कोटींचा ऑर्डर निघाला. पण इंजिन अजून त्याच कंपनीचं, आणि तिकडे त्या मॉडेलची लाइनच बंद झालेली. आपलं स्वतःचं १५०० चं इंजिन म्हैसूरला बीईएमएल या सरकारी कंपनीत पहिल्यांदा सुरू करून पाहिलं ते २० मार्च २०२४ ला.

आणि त्या एमके-१ए चं वजन? ६८ टन. इंजिन तेवढंच, १४०० चं, म्हणजे टनामागे २४ हॉर्सपॉवर होते ते साडेवीसवर आले. आयआरसीच्या ७० च्या आकड्याखाली दोन टन शिल्लक. मी पोरांना हे सांगतो तेव्हा ती हसतात, पण पुढच्या सुधारणेत दोन टन वाढायला काय लागतं?

आता शिकले असावेत असं दिसतंय. लडाखसाठीचा हलका टँक झोरावर, डीआरडीओ आणि एल अँड टीचा, २०२४ च्या जुलैत हजिऱ्याला दाखवला, त्यात वजन आधी ठरवलं, २५ टन, आणि बाकीचं त्यात बसवलं, तोफही १०५ चीच ठेवली. टी-७२ च्या जागी जो एफआरसीव्ही नावाचा नवा टँक यायचा आहे तो १,७७० हवेत असं आर्मीने २०२१ मध्ये कळवलं, वजन ५५ टनांच्या आसपास. पंचावन्न म्हणजे अर्जुन आणि टी-९० च्या बरोबर मधे कुठेतरी.

ज्यांना हे प्रत्यक्ष पाहायचंय त्यांनी नगरला जावं, आता अहिल्यानगर, तिथे कॅव्हलरी टँक म्युझियम आहे, नागपूरहून रात्रीची ट्रॅव्हल्स मिळते. विजयंता, सेंच्युरियन, पाकिस्तानकडून पकडलेला पॅटन सगळे उभे आहेत. फोटो काढा, पण प्रत्येकाच्या टरेटमध्ये चौथा माणूस कुठे उभा राहत असेल ते पण बघा, आणि दुपारी जाऊ नका, उन्हात लोखंडाला हात लावला तर चटका बसतो.